अँटवर्पचे कागदी संत

शुक्रवारी सकाळी अँटवर्पच्या फ्रायदाखमार्क्ट चौकात जुन्या सामानाचा लिलाव असतो. नावाचा अर्थच शुक्रवारचा बाजार. खुर्च्या, झुंबरं, कुणाच्या तरी आजीच्या कपाटातल्या चादरी, पुस्तकांची खोकी, सगळं दगडी फरशीवर मांडलेलं असतं आणि पुकारणारा माणूस फ्लेमिशमध्ये भराभर आकडे म्हणत असतो. याच चौकाच्या एका कडेला प्लांटिन-मोरेतुस संग्रहालय आहे. एकाच घराण्याने तीनशे वर्षं चालवलेला हा छापखाना.

माझी भाची लूव्हेनला शिकते. तिथून गाडीने तासाभरात अँटवर्प येतं. ती सोबत होती.

"मावशी, गावात रुबेन्सची एवढाली चित्रं आहेत आणि तू आधी छापखाना बघणार?"

"आधी छापखाना," मी म्हटलं.

त्याला कारण मडगावचं आहे. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो. शेजारी एक म्हाताऱ्या कॅथलिक बाई राहायच्या. त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात तळहाताएवढं एक चित्र असायचं. मोठं लाल हृदय, त्याला दार असावं तशी पोकळी, आणि आत छोटा येशू झाडू घेऊन केर काढतोय. झाडूपुढे साप आणि बेडकांसारखी जनावरं पळताहेत. ते चित्र बघायला मिळावं म्हणून मी त्यांच्याकडे जायची. देव स्वतः झाडतो ही गोष्ट मला फार आवडली होती. पुढे कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात तोच झाडू, तेच साप दिसले. खाली कोरक्याचं नाव होतं: आन्तोन वीरिक्स, अँटवर्प. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याने येशूला वाहिलेल्या हृदयाची १८ चित्रांची मालिका तांब्यावर कोरली होती. बाल येशू हृदयाचं दार ठोठावतो, आत येतो, झाडतो, वादळात तिथेच निजतो, गातो, आणि एका चित्रात तर हृदयाच्या भिंतीवर कुंचल्याने चित्रं काढत बसतो. मडगावच्या त्या कागदाचं मूळ गाव मला सापडलं होतं.

संग्रहालयाच्या दारातून आत गेलं की एकदम चौक लागतो. भिंतींवर द्राक्षाचा वेल चढलेला, भोवती खिडक्या. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्सातून आलेला बुकबांधणीचा कारागीर. १५५५ साली त्याने इथे छापखाना काढला आणि १५७६ मध्ये तो या जागेत आणला. घराला नाव दिलं सोनेरी कंपास. छापखान्याच्या खुणेतही कंपासच आहे. फिरणारा पाय म्हणजे श्रम, रोवलेला पाय म्हणजे चिकाटी. त्याच्या मागे जावई यान मोरेतुस आणि मग मोरेतुसांच्या पिढ्या आल्या. १८७६ साली त्यांनी सगळा वाडा सामानासकट शहराला विकला आणि पुढच्याच वर्षी तो लोकांसाठी उघडला. त्यामुळे इथे काही गोळा करून मांडलेलं नाही, जे आहे ते जागच्या जागी आहे. जुळाऱ्यांच्या घोड्या, खिळ्यांच्या पेट्या, खिडकीला लागून मुद्रितशोधकांचं लाकडी टेबल. छापण्याच्या दालनाच्या टोकाला दोन यंत्रं उभी आहेत, सुमारे १६०० सालची. जगात याहून जुनी छपाईयंत्रं शिल्लक नाहीत. भाची यंत्रांपाशी रेंगाळली, मी कपाटांकडे गेले. संग्रहात सुमारे १४ हजार लाकडी ठसे आणि ३ हजारांच्या आसपास तांब्याचे पत्रे आहेत.

लाकडी ठसा आणि तांब्याचा पत्रा यांत मोठा फरक आहे. लाकडात नको असलेला भाग खोदून काढतात, उरलेल्या उंच रेषेला शाई लागते. खिळेही उंचच असतात, म्हणून ठसा अक्षरांबरोबर एकाच यंत्रावर, एकाच दाबात छापून निघतो. तांब्याचं उलटं आहे. कोरक्या चामड्याच्या उशीवर पत्रा ठेवतो, उजव्या हाताने पोलादी कोरणी पुढे ढकलतो आणि डाव्या हाताने पत्राच फिरवत नेतो. रेष खोल जाते. मग पत्र्यावर शाई चोपडून वरची पुसून घेतात, ती फक्त खाचांत उरते. ओला केलेला कागद वर ठेवून दोन रुळांमधून पत्रा काढला की कागद त्या खाचांत शिरून शाई उचलतो. अशा छापावर चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब चौकटीसारखा उमटलेला असतो. बोट फिरवलं तर तो जाणवतो. लाकडाच्या जाड रेषेत जे येत नाही, ते इथे येतं: डोळ्यातलं पाणी, रेशमाची चमक, ढगातून येणारा प्रकाश.

खर्च आणि खटपटही तशीच. अक्षरं एका यंत्रावर छापायची, तेच कागद वाळवून, पुन्हा ओले करून रुळांच्या यंत्रावर न्यायचे आणि चित्र नेमकं मोकळ्या जागेत उतरवायचं. प्लांटिन हे काम बरेचदा बाहेर देत असे. त्याच्या पुस्तकांतली ताम्रचित्रं कित्येक वर्षं मिनकेन लीफ्रिंक नावाच्या एका बाईच्या कारखान्यात छापली गेली. धर्मग्रंथांच्या मुखपृष्ठावर राजाचं नाव असतं, छापखान्याचं असतं, कोरक्याचं असतं. ज्या बाईने ते शाईत भिजवलेले जड पत्रे पुसून पुसून हजारो कागद काढले, तिचं नाव हिशेबाच्या वह्यांत राहिलं. त्या वह्या याच घरात जपल्या आहेत, म्हणून ती आपल्याला कळते.

या शहरात ही चित्रं एवढी का पिकली, हे समजायला दोन तारखा लागतात. १५६६ च्या ऑगस्टमध्ये मूर्तिपूजेला विरोध करणारे प्रॉटेस्टंट जमाव अँटवर्पच्या कथीड्रलमध्ये शिरले आणि त्यांनी पुतळे, वेद्या, चित्रं फोडली. १५८५ च्या ऑगस्टमध्ये स्पेनच्या सैन्याने वेढा घालून शहर परत घेतलं. प्रॉटेस्टंट हजारोंनी उत्तरेला निघून गेले, लोकवस्ती निम्म्याहून खाली आली, नदीतून समुद्राकडे जाणारा व्यापार तुटला. आणि अशा ओसाडत चाललेल्या शहराने भंगलेल्या वेद्या पुन्हा भरायला घेतल्या. त्याआधीच, १५६३ च्या डिसेंबरात, त्रेंतच्या धर्मसभेने सांगून टाकलं होतं की चित्रांचा मान ठेवावा, कारण तो मान चित्राला नाही तर चित्रात दाखवलेल्याला पोचतो, आणि लोकांना धर्म शिकवायला चित्रं वापरावीत. मग रोमची नवी प्रार्थनापुस्तकं निघाली, १५६८ मध्ये ब्रेव्हिअरी आणि १५७० मध्ये मिस्साग्रंथ. स्पेनच्या मुलखासाठी ती पुरवण्याचा हक्क राजा दुसऱ्या फिलिपने प्लांटिनला दिला. इथून ती पुस्तकं स्पेनला आणि पुढे अमेरिकेतल्या वसाहतींत गेली.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या पुस्तकापाशी थांबले ते मात्र प्लांटिनचं नाही. अँटवर्पमध्येच १५९३ साली निघालेला तो चित्रसंग्रह हिएरोनिमो नादाल या जेझुइट पाद्र्याचा आहे. नादाल जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याच्या जवळचा माणूस. वर्षभराच्या रविवारी आणि सणांना वाचले जाणारे शुभवर्तमानातले प्रसंग चित्रांत असावेत ही इच्छा इग्नेशियसचीच. इग्नेशियस गेला, १५८० मध्ये नादालही गेला, आणि मग १५३ ताम्रचित्रांचं हे पुस्तक आलं. येशूजन्माच्या रात्रीचं पान घ्या. चित्रात रोमन अक्षरं विखुरलेली आहेत आणि खाली त्यांचा खुलासा आहे. ए म्हणजे बेथलेहेम गाव. बी म्हणजे कर भरण्याची जागा. सी म्हणजे गुहा. डी म्हणजे नुकताच जन्मलेला येशू, जमिनीवर गवतात ठेवलेला. पुढे गव्हाणीपाशी बैल आणि गाढव, दूरवर मेंढपाळांचा मनोरा. डोळा अक्षर धरून चालत जातो. इग्नेशियसच्या ध्यानाची रीतच अशी होती: प्रसंग आठवायचा तर आधी जागा उभी करायची, रस्ता किती लांब, सपाट की चढणीचा, गुहा केवढी, उंच की बुटकी. नादालच्या पुस्तकाने ती जागा छापूनच हाती दिली. मी ती अक्षरं बोटाने हवेत गिरवत होते. मला वाटतं, चित्र बघायला शिकवणारं इतकं मायेने केलेलं पुस्तक मी दुसरं पाहिलेलं नाही.

ते बहुतांशी कोरलं वीरिक्स बंधूंनी: यान, हिएरोनिमस आणि आन्तोन. तिघांच्या नावावर दोन हजारांहून जास्त छाप आहेत, बहुतेक धार्मिक, कितीतरी खिशात मावणारे. यानने बारा-तेरा वर्षांचा असताना जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापांच्या नकला कोरल्या होत्या. हात असा, आणि वागणं असं की प्लांटिनने १५८७ मध्ये एका जेझुइटाला पत्रातून कळवलं होतं, या भावांकडून काम हवं तर त्यांना दारूच्या गुत्त्यांत शोधावं लागतं, त्यांचं कर्ज फेडावं लागतं आणि गहाण पडलेली त्यांची हत्यारं सोडवावी लागतात. हिएरोनिमसने नशेत एका गुत्तेवालीला भांडं फेकून मारलं, त्यात ती मेली आणि तो तुरुंगात गेला. शहर पडलं त्या वर्षी तिघांचीही नोंद लूथरपंथी म्हणून झालेली आहे. म्हणजे कॅथलिक घराघरांत गेलेला तो निरागस बाल येशू ज्यांनी कोरला, ते त्या काळी कॅथलिकही नव्हते आणि निरागस तर नव्हतेच. तरी त्यांच्या रेषेत खोट दिसत नाही. मडगावच्या बाईंना मी हे सांगितलं असतं तर त्यांनी काय म्हटलं असतं, असा विचार मनात आला. बहुधा त्यांच्यासाठीही एक प्रार्थना केली असती.

या छापांना गोवा माहीत होतं, आणि फार लवकर. प्लांटिनचं सगळ्यात मोठं काम म्हणजे १५६८ ते १५७२ या वर्षांत छापलेलं आठ खंडांचं बहुभाषी बायबल: हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामाइक आणि सिरियाक. त्याची एक प्रत गोव्यातून निघालेल्या जेझुइटांनी १५८० च्या मार्चमध्ये फत्तेपूर सिक्रीत अकबर बादशहाला दिली. बरोबर गेलेल्या आंतोनियो मोन्सेरात या पाद्र्याने सगळा वृत्तांत लिहून ठेवला आहे. बादशहाने खंड हाती घेऊन त्यांचं चुंबन घेतलं आणि ते मस्तकी लावले. आपल्याकडे पोथी अशीच डोक्याला लावतात. त्या बायबलच्या पहिल्या खंडातल्या कोरीव पानांवर सिंह आणि बैल, लांडगा आणि कोकरू एकत्र नांदताना दाखवलेत. बसावनसारख्या दरबारी चित्रकाराने त्या पानांवरची स्त्री-आकृती उचलली. पुढे जहांगीरच्या चित्रांत बादशहाच्या पायाशी सिंह आणि कोकरू निजलेले दिसतात, तेही या पानावरून सुचलं असावं असं एब्बा कॉख या कला-इतिहासकार सांगतात. अबुल हसनने तर तेराव्या वर्षी, १६०० साली, ड्यूररच्या छापातला संत योहान रेखून ठेवला. पाद्र्यांना वाटत होतं आपण धर्म नेतो आहोत. चित्रकारांनी त्यातून कपड्याच्या चुण्या, ढग आणि सावली घेतली.

पूर्वेकडे तर याहून लांब मजल. हिएरोनिमस वीरिक्सच्या एका मारियाचित्राची नक्कल जपानमध्ये जेझुइटांच्या चित्रशाळेत १५९७ साली कोरून छापली गेली. चीनमधून मात्तेओ रिच्चीने १६०५ मध्ये लिहिलं की नादालचं पुस्तक इथे बायबलपेक्षाही कामाला येतं, कारण बोलता बोलता ते डोळ्यांपुढे धरता येतं. आणि १६३७ मध्ये जूलियो आलेनीने त्याच चित्रांचा चिनी अवतार लाकडावर कोरून घेतला.

मराठी माणसाला इथे फादर थॉमस स्टीफन्स आठवणारच. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेला हा इंग्रज जेझुइट यान वीरिक्सच्या जन्मवर्षी, १५४९ मध्ये जन्मला आणि हिएरोनिमस ज्या वर्षी गेला त्याच १६१९ मध्ये गेला. नादालने चित्रातून केलं तेच त्याने ओवीतून केलं. त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलं गेलं ते रोमन लिपीत, कारण आपल्या अक्षरांचे खिळे नव्हते. १६०८ च्या पत्रात त्याने या लिपीचे खिळे मिळावेत अशी इच्छा लिहिली होती आणि जोडाक्षरं धरून सहाशे साचे लागतील ही अडचणही. प्लांटिनच्या घरात मी हिब्रू, ग्रीक, सिरियाक खिळ्यांच्या पेट्या पाहत उभी होते, तेव्हा त्या पत्राची हळहळ पहिल्यांदा नीट कळली. क्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या छापील आवृत्तीची आज एकही प्रत उरलेली नाही.

पण राशोलचं नाव निघालं की दुसरीही आठवण काढावी लागते. अँटवर्पमध्ये मूर्ती फुटल्या १५६६ मध्ये. पुढच्याच वर्षी साष्टीत, राशोल जिथे आहे त्याच तालुक्यात, पोर्तुगीज राजवटीने देवळं पाडली. त्या वर्षांत केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. इथल्या फुटलेल्या संतांसाठी ज्यांचा जीव तुटला, त्यांच्याच धर्माने तिथे हे केलं. मला हे छाप मनापासून आवडतात, आणि हेही मला विसरता येत नाही.

दुपारी कथीड्रल. भाचीला पाहायचा होता तो रुबेन्स इथे आहे. क्रूसावरून येशूला खाली उतरवतानाचं त्याचं चित्र, १६११ ते १४ मध्ये रंगवलेलं, बघताना मान मागे जाते. पांढऱ्या वस्त्रावरून ते निर्जीव शरीर घसरत येतं आणि आठ माणसं त्याला सावरताहेत. पण ज्यांनी ते पाहिलं त्यातल्या बहुतेकांनी पाहिला तो लुकास फोर्स्टरमानने १६२० मध्ये कोरलेला छाप. रुबेन्स हे जाणून होता. आपल्या चित्रांचे छाप दुसऱ्यांनी काढू नयेत म्हणून त्याने ब्राबांत, फ्रान्स आणि डच प्रजासत्ताक, तिन्हीकडून हक्क मिळवले. फोर्स्टरमानच्या डोळ्यांची आणि हातांची त्याने इतकी परीक्षा घेतली की १६२२ मध्ये दोघांचं बिनसलं. आपल्या कोरणीमुळेच या चित्रांना मोल आहे, असं तो कोरक्या म्हणू लागला, अशी तक्रार रुबेन्सने पत्रात केली. मी कोरक्याच्या बाजूची आहे. रंग काढून टाकल्यावर उरलेलं सगळं, वजन, उजेड, ओल्या कापडाची ओढ, त्याने नुसत्या काळ्या रेषेने धरून ठेवलं. उत्तरेच्या प्रॉटेस्टंट प्रांतात रेम्ब्रांट त्या छापावरूनच आपलं क्रूसावतरण घडवत होता, आणि पेरूतल्या कुस्कोचे चित्रकार अशाच छापांवरून आपल्या चर्चच्या भिंती सजवत होते.

मोरेतुसांसाठी मात्र रुबेन्स मुखपृष्ठं काढी ती मैत्रीखातर. बाल्थाझार मोरेतुस त्याचा जुना मित्र. तो रुबेन्सला सहा महिने आधी सांगून ठेवी, म्हणजे सणासुदीच्या रिकाम्या दिवसांत ते काम होई. कामाच्या दिवशी काढायचं तर त्याने एका रेखाटनाचे शंभर गिल्डर मागितले असते, असं बाल्थाझारने १६३० मध्ये लिहिलं आहे.

संध्याकाळी जेझुइटांच्या चर्चमध्ये गेलो, १६२१ मध्ये पुरं झालेलं, आज संत कार्लो बोरोमेओच्या नावाचं. रुबेन्सने याच्या छतासाठी ३९ चित्रं केली होती. १७१८ च्या जुलैत वीज पडली आणि सगळी जळाली. आज वर पाहिलं की पांढरं छत. पण काही वर्षं आधी याकोब दे वित नावाच्या तरुणाने खाली उभं राहून त्या छताची रेखाटनं केली होती, आणि त्यांवरून यान पुंटने १७५१ मध्ये छाप काढले. जळालेलं छत आपल्याला माहीत आहे ते कागदामुळे. मुख्य वेदीमागे दोऱ्या-कप्प्यांची यंत्रणा आहे, तिने वेदीवरचं मोठं चित्र बदलता येतं. त्या जागी पूर्वी जी दोन रुबेन्सचित्रं आळीपाळीने लागत, त्यातलं एक होतं संत फ्रान्सिस झेवियरच्या चमत्कारांचं. ज्याचं शरीर जुन्या गोव्यात बॉम जेझूस चर्चमध्ये आहे, तो इथे काळ्या झग्यात उंच चौथऱ्यावर उभा राहून हात उंचावत होता, आणि मागे एक मूर्ती कोसळत होती. जेझुइट संघ बरखास्त झाल्यावर ते चित्र व्हिएन्नाला गेलं. मारिनुसने कोरलेला त्याचा छाप मात्र सगळीकडे फिरला.

परतताना पुन्हा फ्रायदाखमार्क्टवरून गेलो. लिलाव केव्हाच संपला होता. कोपऱ्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात एका पत्र्याच्या डब्यात छोटी संतचित्रं होती, प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची. झाडणारा येशू मी डबा उपसून शोधला, नव्हता. यात्रेकरूंची कागदी निशाणं होती, त्रिकोणी, हाले गावच्या मारियेची, आपल्या पताकांसारखी. मृतांच्या आठवणीसाठी वाटलेली चित्रं होती, मागे नाव आणि तारीख. भाचीने एक निवडून माझ्या हातात दिलं. हातात कोकरू घेतलेली संत आग्नेस, चामड्याच्या पातळ पापुद्र्यावर छापलेली, झग्याला कुणीतरी हाताने निळा रंग दिलेला. रंग रेषेबाहेर गेला होता. घाईत काम केलं असणार, किंवा उजेड कमी असेल.

"मावशी, हे बघ," ती म्हणाली आणि चित्र दिव्यासमोर धरलं. चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं होती. एका कोपऱ्यात तीन, शेजारी शेजारी.